मेट्रो, बस की रुंद रस्ता? वाढत्या महानगर प्रदेशातील प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

महानगर आपल्या मूळ हद्दीबाहेर पसरू लागले की प्रवासाचे प्रश्नही हद्द ओलांडतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडून येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांबलचक पत्रांचा सारांश घेतला आहे. क्वचित कुठे पत्रातली चीड गाळली आहे, मुद्दा मात्र गाळलेला नाही.

प्रश्न : आमच्या भागाला मेट्रो हवी की स्वतंत्र मार्गिकेवरची जलद बस, यावरून रहिवासी संघात दोन तट पडले आहेत. बसवर खर्च करणे म्हणजे पैसा वाया घालवणे, असे एका तटाचे म्हणणे; तर मेट्रो होईपर्यंत आमची मुले सेवानिवृत्त होतील, असे दुसऱ्याचे. आपले मत काय?

उत्तर : दोन्ही तटांनी वादाला बसण्यापूर्वी एक आकडा मिळवावा. गर्दीच्या एका तासात आपल्या मार्गावरून एका दिशेने किती माणसे जाणार आहेत, हा तो आकडा. त्याच्याशिवाय केलेली चर्चा ही माप न घेता कपडे शिवण्यासारखी आहे.

हिशेब अवघड नाही. रस्त्याच्या एका पदरातून दर दोन सेकंदांनी एक मोटार गेली, तर तासाला १,८०० मोटारी होतात; पण शहरात सिग्नल निम्मा वेळ लाल असतो, म्हणून ९०० धरू. मोटारीत सरासरी दीड माणूस मानला, तर माणसे झाली १,३५०. त्याच पदरातून दर मिनिटाला ८० प्रवासी घेतलेली एक बस सोडली, तर ४,८०० माणसे जातात. दीड हजार प्रवासी सामावणारी मेट्रो दर दोन मिनिटांनी धावली, तर ४५,०००. म्हणजे तासाला पाच-सहा हजार प्रवासी असलेल्या मार्गावर मेट्रो बांधली तर ती अर्ध्याहून अधिक रिकामी धावेल आणि चाळीस हजारांच्या मार्गावर साधी बस सोडली तर थांब्यावरची रांग दिवसभर संपणार नाही.

या दोन टोकांमधला पट्टा मात्र मोठा आहे आणि खरा वाद तिथेच असतो. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली आणि पुढे नळीच्या आकाराची बंदिस्त स्थानके बांधली. त्यांत तिकीट आधीच काढलेले असते आणि फलाट बसच्या आतल्या तळाइतका उंच असतो. कोलंबियातील बोगोटा शहराने डिसेंबर २००० पासून हीच पद्धत आणखी पुढे नेली. तेथील मुख्य मार्गांवर स्थानकापाशी प्रत्येक दिशेला दोन मार्गिका आहेत, त्यामुळे उभ्या बसला ओलांडून जलद बस पुढे जाऊ शकते. मुख्यतः या गोष्टीमुळे तेथे बसनेसुद्धा एका दिशेने तासाला ४० हजारांहून अधिक प्रवासी वाहून दाखवले. त्या गाड्यांतील गर्दी सोसवेना, तेव्हा त्याच शहराने मेट्रो बांधायचे ठरवले, हेही सांगायला हवे.

आमचे मत विचारलेच आहे, तर सांगतो. तासाला दहा-पंधरा हजारांपर्यंतच्या मार्गाला चांगली बस-मार्गिका पुरते आणि ती पाच-सात वर्षे आधी मिळते. पण या मार्गिकेचा एक जुना रोग आहे. रस्ता रुंद असतो तोवर ती दिमाखात चालते आणि रस्ता जिथे अरुंद होतो, नेमकी तिथेच संपते. कोंडी तिथेच असते, म्हणजे मार्गिकेची गरजही तिथेच असते. मेट्रोच्या रुळांवर कोणी मोटार घालू शकत नाही, म्हणून ती या रोगापासून वाचते. तेव्हा आपल्या संघाने बसच्या बाजूने ठराव केलाच, तर त्यात मार्गिका कुठून कुठपर्यंत अखंड राहील हे चौकांच्या नावांनिशी लिहून घ्यावे. नाहीतर आराखड्यात मार्गिका राहील आणि रस्त्यावर पिवळा रंग.

प्रश्न : आमच्या थांब्यावरील फलकानुसार दर दहा मिनिटांनी बस आहे. प्रत्यक्षात अर्धा तास काहीच येत नाही आणि मग एकामागोमाग तीन येतात. पहिली खच्चून भरलेली, तिसरी जवळपास रिकामी. चालक मुद्दाम गप्पा मारत एकत्र निघतात का?

उत्तर : हा संशय सर्वत्र घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो चालकांवर अन्याय करणारा असतो. बस आपोआप एकत्र येतात. त्यांना वेगळे ठेवण्यासाठीच प्रयत्न करावे लागतात.

तुमच्या थांब्यावर दर मिनिटाला दोन प्रवासी येतात असे समजू. बस दहा मिनिटांनी आली तर २० जण चढतील. एका चौकात अडकल्यामुळे ती तीन मिनिटे उशिरा आली, तर आता २६ जण उभे आहेत. एकाला चढायला चार सेकंद लागतात असे धरले, तर सहा जादा प्रवाशांपायी २४ सेकंद आणखी गेले. पुढच्या थांब्यावर ती त्याहून उशिरा पोहोचते, तिथे आणखी जादा माणसे उभी असतात. इकडे मागची बस वेळेवरच आहे, पण तिच्या आणि पुढच्या बसच्या मध्ये आता सातच मिनिटांचे अंतर उरले आहे, म्हणून तिला १४ प्रवासी मिळतात आणि तिचे २४ सेकंद वाचतात. पुढची प्रत्येक थांब्यावर मागे पडते, मागची प्रत्येक थांब्यावर पुढे सरकते आणि काही थांब्यांतच दोघी एकमेकींना चिकटतात. यात कोणाचाही आळस नाही.

तुम्हाला सोसावे लागते ते असे. तासाला सहा बस सारख्या अंतराने आल्या, तर कधीही थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस जोडीने आल्या तर दहा मिनिटे आणि तिघींच्या झुंडीने आल्या तर पंधरा. गाड्या तितक्याच, चालक तितकेच, इंधनही तितकेच. प्रवाशाचे वाट पाहणे मात्र तिप्पट. परिवहन उपक्रमाच्या वार्षिक अहवालात मात्र 'नियोजित फेऱ्या पूर्ण' असेच लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते!

उपाय जुनेच आहेत. मार्गावर दोन-तीन ठिकाणी बसला थोडे थांबवून अंतर सारखे करणे, सर्व दारांनी चढू देणे, तिकिटाचा व्यवहार बसबाहेर नेणे, चौकात बसला आधी हिरवा दिवा मिळेल अशी व्यवस्था करणे. परंतु या सगळ्यांच्या आधी मोजमाप बदलावे लागते. लंडनमध्ये तासाला पाच किंवा त्याहून अधिक बस असलेल्या मार्गांवर बस घड्याळाप्रमाणे आली का, हे पाहत नाहीत. बस सारख्या अंतराने आल्या असत्या तर प्रवाशाला जेवढे थांबावे लागले असते, त्याहून प्रत्यक्षात किती जास्त थांबावे लागले, हे मोजतात आणि बस चालवणाऱ्या कंपनीची बक्षिसी किंवा दंड त्यावर ठरतो. तुमच्या पत्रासोबत आठवडाभर नोंदवलेल्या वेळांचा कागद आहे. तो तसाच उपक्रमाला पाठवावा; तक्रारीच्या दहा ओळींपेक्षा त्याचे वजन जास्त आहे.

प्रश्न : शहरात येणारा मुख्य रस्ता चार पदरी होता, तो आठ पदरी केला. दोन वर्षे सुखाची गेली आणि आता कोंडी पूर्वीसारखीच आहे. आता वरून उन्नत रस्ता करण्याचे घाटत आहे. यातून सुटका होईल का?

उत्तर : आपली दोन वर्षे सुखाची गेली, हेच नशीब म्हणायचे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच सांगितले होते की गर्दीच्या वेळी शहरातील द्रुतगती रस्त्यावरची वाहतूक वाढत वाढत रस्त्याच्या क्षमतेला जाऊन भिडते. रस्ता मोकळा झाला की पूर्वी कोंडी टाळण्यासाठी पहाटे निघणारा माणूस नऊला निघू लागतो, आडवाटेने जाणारा मुख्य रस्त्यावर येतो आणि रेल्वेने जाणारा मोटार काढतो. हे सगळे काही महिन्यांत होते. त्यापुढचा बदल सावकाश येतो, पण तो कायमचा असतो : 'आता तासाभरात पोहोचता येते' म्हणून लोक आणखी दूर घरे घेतात. २०११ मध्ये जिल ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यांवरचा वाहनांचा प्रवासही वाढतो, असे दिसले. टेक्सासमधील ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये इतका रुंद झाला की सेवारस्ते धरून काही ठिकाणी त्याचे २६ पदर भरतात. तिथेही गर्दीच्या वेळचा प्रवास काही वर्षांतच पुन्हा लांबला.

याचा अर्थ रस्ते बांधूच नयेत असा कोणी काढू नये. शेतजमिनीवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या वस्तीत मुळात रस्तेच नसतात. एकच मोठा रस्ता आणि त्याला लटकलेल्या बंद गल्ल्या असतात, त्यामुळे शेजारच्या वसाहतीत जायलाही मुख्य रस्त्यावर यावे लागते. अशा ठिकाणी एकमेकांना जोडलेल्या लहान रस्त्यांचे जाळे हवेच असते आणि ते इमारती उभ्या राहण्यापूर्वीच आखावे लागते. नंतर ते कोणालाच जमत नाही. उन्नत रस्त्याची गोष्ट वेगळी. तो कोंडी उचलून पुढच्या उताराच्या पायथ्याशी नेऊन ठेवतो. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चंग्येचन ओढ्यावरचा असा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तेथे ओढा पुन्हा वाहता केला. शहर काही ठप्प झाले नाही.

कोंडी खरोखर कमी करणारा एक उपाय ठाऊक आहे, पण तो कोणालाच आवडत नाही : गर्दीच्या भागात, गर्दीच्या वेळी मोटार नेण्याचे शुल्क. सिंगापूरने तो १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये लागू केला. स्टॉकहोमची हकीकत सर्वांत बोलकी आहे. तिथे बहुसंख्य लोक विरोधात असताना जानेवारी ते जुलै २००६ असा केवळ प्रयोग म्हणून शुल्क लावले गेले. शुल्कसीमा ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग संपताच ती बरीचशी परत आली, मग लोकांनी सार्वमतात शुल्काला कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. शुल्क सुरू होण्याच्या काही महिने आधीच तेथे नव्या बस धावू लागल्या होत्या. हा क्रम उलटा करणाऱ्या शहराने लोकांच्या शिव्या खाण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : माझे घर उत्तरेच्या उपनगरात आणि नोकरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत. सरळ अंतर १४ किलोमीटर. पण आधी मध्यवर्ती स्थानकात जाऊन गाडी बदलून परत बाहेर यावे लागते. तीन वाहने, दोन वेगळी तिकिटे आणि दीड तास. मधे एका हद्दीवर एका उपक्रमाची बस संपते आणि चारशे पावले चालून दुसऱ्याची धरावी लागते. हे असेच असायचे का?

उत्तर : बहुतेक शहरांची रेल्वे आणि बस चाकाच्या आऱ्यांसारखी आखलेली असते, कारण ती आखली तेव्हा सगळी कामे मध्यात होती. कारखाने, महाविद्यालये, मोठी रुग्णालये बाहेर सरकली, पण आरे तसेच राहिले आणि चाकाला धाव, म्हणजे आऱ्यांची टोके जोडणारी बाहेरची कडी, बसलीच नाही. ही धाव बसवायला प्रत्येक वेळी नवे बोगदे खणावे लागत नाहीत. मॉस्कोमध्ये १९०८ पासूनचा मालगाड्यांचा एक वर्तुळाकार मार्ग होता. तो सुधारून सप्टेंबर २०१६ मध्ये ५४ किलोमीटर लांबीचा आणि ३१ स्थानकांचा प्रवासी मार्ग सुरू झाला. लंडननेही जुने, दुर्लक्षित फाटे जोडत डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या अंतर्भागाभोवतीचे वर्तुळ पुरे केले. आपल्या भागात अडगळीत पडलेला एखादा मालवाहू फाटा आहे का, हे नकाशा उघडून पाहण्यासारखे आहे.

तो नसेल, तरी गाडी बदलण्याचा त्रास कमी करता येतो. तीन वाहनांपैकी प्रत्येक दर वीस मिनिटांनी असेल आणि त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या नसतील, तर प्रत्येक ठिकाणी सरासरी दहा, म्हणजे एकूण अर्धा तास केवळ उभे राहण्यात जातो. तुमच्या दीड तासातला तिसरा हिस्सा कदाचित हाच असेल. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभराच्या रेल्वेचे वेळापत्रक ठरावीक तालावर बसवले. पुढे मोठ्या स्थानकांत सगळीकडच्या गाड्या पूर्ण तासाच्या थोड्या आधी येऊ लागल्या. प्रवासी फलाट ओलांडतात, लहान गावांत तर स्थानकाच्या दाराशीच बस उभी असते आणि तासाचा ठोका पडल्यावर सगळ्या आपापल्या दिशांना निघतात. झ्युरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आणण्यासाठी २००४ मध्ये नवा लोहमार्ग सुरू झाला, तो वेगाच्या हौसेपोटी नव्हे. तास पुरा होण्यापूर्वी गाडी पोहोचली तरच पुढची जोडगाडी मिळते, एवढ्यासाठी. आधी वेळापत्रक ठरले आणि मग रूळ. आपल्याकडे मुलाखतींत वेगाचे आकडे सांगतात, गाडी चुकल्यावर किती थांबावे लागेल हे कोणी सांगत नाही.

राहिला हद्दीचा प्रश्न. प्रवाशाला नगरपालिकांची हद्द दिसत नाही, ती फक्त पायांना जाणवते. हॅम्बुर्गने १९६५ मध्येच भुयारी रेल्वे, उपनगरी रेल्वे, ट्राम, बस चालवणाऱ्या निरनिराळ्या संस्थांचा एक संघ करून एकच तिकीट आणि एकच नकाशा आणला. संस्था वेगळ्याच राहिल्या, उत्पन्न आपसांत ठरलेल्या सूत्राने वाटले. सोलने १ जुलै २००४ रोजी एका दिवसात बसचे सारे मार्ग, रंग आणि दर बदलले : लांबच्या मुख्य मार्गांना निळा, स्थानकाला जोडणाऱ्यांना हिरवा, बाहेरगावच्या जलद बसना लाल, मध्यभागात फिरणाऱ्यांना पिवळा. भाडे एकूण अंतरावर आणि बस-मेट्रो अशी बदली विनामूल्य. पहिले काही दिवस कार्डयंत्रे बिघडून गोंधळ उडाला, लोक संतापले आणि महापौरांना माफी मागावी लागली. पण एका कार्डावर बस बदलण्याची सवय लागल्यावर जुनी पद्धत कोणी मागितली नाही.

प्रश्न : आमच्याकडे बस नाहीच. जागा भरली की निघणाऱ्या खासगी लहान गाड्या आहेत, त्यांवर बंदी घालावी अशी मागणी होत आहे. त्या धोकादायक आहेत हे खरे, पण त्या गेल्या तर आम्ही जायचे कसे?

उत्तर : बंदीची मागणी करणाऱ्यांपैकी किती जण त्या गाड्यांनी प्रवास करतात, हे एकदा विचारून पाहावे. इस्तंबूलमध्ये अशा गाडीला 'डोल्मुश' म्हणतात आणि तो शब्द 'भरणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. नैरोबीत त्याच जातीच्या गाड्यांना 'मटाटू' म्हणतात. शहर वाढते तितक्या झपाट्याने सरकारी बस वाढत नाही, ती फट या गाड्या भरून काढतात.

त्यांचा खरा दोष समजून घ्यायला हवा. भरल्यावरच निघायचे म्हटले की थांब्यावरचे वाट पाहणे गाडीच्या आत जाते, एवढाच फरक. पहिल्या प्रवाशाला वीस मिनिटे गुदमरत बसावे लागते आणि मधल्या थांब्यावरच्या माणसाला जागाच मिळत नाही, कारण गाडी सुरुवातीलाच भरलेली असते. शिवाय चालकाचे उत्पन्न प्रवाशांच्या संख्येवर असल्याने तो पुढच्या थांब्यावर दुसऱ्याच्या आधी पोहोचण्यासाठी गाडी दामटतो. बोगोटात नव्या बससेवेपूर्वी या शर्यतीला 'दमडीचे युद्ध' अशा अर्थाचे नावच पडले होते. चालकाला प्रवाशांमागे पैसे न देता ठरलेल्या वेळेत केलेल्या किलोमीटरांमागे दिले, की ही शर्यत बरीचशी थांबते. त्याच्या आधीची पायरी म्हणजे या गाड्या कुठून कुठे जातात हे निदान माहीत करून घेणे. नैरोबीत विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी मोबाइल घेऊन मटाटूंतून प्रवास करत मार्ग नोंदवले आणि २०१४ मध्ये साऱ्या शहराचा नकाशा प्रसिद्ध झाला. तोपर्यंत तो चालकांच्या डोक्यातच होता. तुमच्या गावात हे काम महाविद्यालयातील मुले सुट्टीत करू शकतील.

प्रश्न : सगळी वाहने विजेची झाली की प्रश्न सुटेल ना?

उत्तर : धूर आणि आवाज यांचा बराचसा सुटेल. कोंडीचा सुटणार नाही, कारण विजेची मोटारही तेवढीच जागा अडवते.

प्रश्न : बसप्रवास सर्वांना मोफत केला तर लोक मोटारी सोडतील का?

उत्तर : थोडेच. एस्टोनियाच्या तालिन शहराने २०१३ मध्ये आपल्या रहिवाशांना, तर लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर सर्वांना प्रवास मोफत केला. तालिनमध्ये प्रवासी वाढले, पण अभ्यासकांच्या पाहणीनुसार त्यांतले बरेच जण पूर्वी पायी जाणारे होते. गरजूंना सवलत जरूर असावी. परंतु मोटार घेऊन फिरणारा माणूस भाड्यामुळे बस टाळत नाही, बेभरवशाच्या वेळेमुळे टाळतो. तेवढाच पैसा जादा फेऱ्यांवर खर्च केला, तर त्याचे मन वळण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : शहराबाहेर नव्या गृहसंकुलात घर घेत आहोत. माहितीपुस्तिकेत 'नियोजित स्थानकापासून दहा मिनिटे' असे छापले आहे. विश्वास ठेवावा का?

उत्तर : 'नियोजित' हा शब्द दोनदा वाचावा. निधी मंजूर झालेला, कंत्राट दिलेला आणि खांब उभे राहिलेला मार्ग ही एक गोष्ट. आराखड्यातली तुटक रेघ ही दुसरी. पुस्तिकेत मात्र दोन्ही एकाच रंगात छापतात. दहा मिनिटे पायी की मोटारीने, हेही विचारावे आणि एका कामाच्या दिवशी, शक्यतो पावसात, ते अंतर स्वतः चालून पाहावे.

यामागचा मोठा प्रश्न क्रमाचा आहे. वस्ती आधी आणि बस दहा वर्षांनी आली, तर तोवर प्रत्येक घराने दोन-दोन वाहने घेतलेली असतात आणि नवी बस रिकामी धावते; मग 'मागणी नाही' असे सांगून ती बंदही होते. उलट क्रमाची उदाहरणे जुनी आहेत. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे ही १८६३ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे. 'मेट्रो' या शब्दाचे मूळही तिच्या नावापर्यंत जाते. या कंपनीने पुढे आपल्या मार्गालगतच्या जमिनीवर उपनगरे वसवली आणि १९१५ पासून 'मेट्रो-लँड' या नावाने त्यांची जाहिरात केली. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात शहराची वाढ हाताच्या पाच बोटांसारखी, उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर ठेवली आणि बोटांमधली जागा हिरवी राखली. कुरितिबाने उंच इमारतींना परवानगी बसमार्गांलगतच्या पट्ट्यांत दिली, अन्यत्र फारशी नाही. हाँगकाँगमध्ये रेल्वे महामंडळालाच स्थानकांवरच्या जागेत इमारती बांधण्याचे हक्क मिळतात आणि त्या कमाईतून रूळ टाकले जातात. घर घेताना आपल्याला हे काही बदलता येणार नाही. मात्र राहायला जाण्याच्या दिवशी दारातून कोणती बस, किती वाजेपर्यंत आणि किती मिनिटांनी मिळते, यावर किंमत ठरवता येईल. रात्रीची शेवटची बस साडेआठची असेल, तर तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला मोटार घ्यावीच लागते, दिवसा कितीही बस असोत.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. आपल्या सदरात नेहमी मेट्रो आणि बस यांची चर्चा असते. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. बसथांबा रस्त्यापलीकडे आहे आणि पादचारी सिग्नलमधला हिरवा माणूस माझ्या घड्याळाप्रमाणे ११ सेकंद दिसतो. मी मध्यावर असतानाच वाहने सुटतात.

उत्तर : आपले म्हणणे मान्य. प्रत्येक प्रवासाचा पहिला टप्पा पायीच असतो आणि तोच आराखड्यात शेवटी येतो.

आपण रस्त्याची रुंदी १४ मीटर कळवली आहे. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे मानून सिग्नलची वेळ ठरवण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. त्या हिशेबाने १४ मीटरला जेमतेम १२ सेकंद लागतात. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या चालीचा २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. ०.८ ने भागल्यास आपल्याला साडेसतरा सेकंद हवेत. म्हणजे आपण हळू चालत नाही, दिवा लवकर बदलतो. यासाठी कोणताही निधी लागत नाही. यंत्रातला एक आकडा बदलावा लागतो. वाहनांची वर्दळ पाहून वेळ वाढवण्यास नकार मिळाला, तर रस्त्याच्या मधोमध दोन माणसे आणि एक चाकाची खुर्ची मावेल एवढा, कडेला उंच दगड असलेला थांबा मागावा, म्हणजे रस्ता सात-सात मीटरच्या दोन टप्प्यांत ओलांडता येईल. सात मीटरला ०.८ च्या वेगाने नऊ सेकंद पुरतात. अर्जात रस्त्याची रुंदी, आपण मोजलेले ११ सेकंद, तारीख आणि वेळ लिहावी. शक्य असल्यास सकाळी, दुपारी आणि सायंकाळी असे तीनदा मोजावे, कारण दिव्याची वेळ दिवसभर सारखी नसते. आणि तोपर्यंत, हिरवा माणूस आधीपासून दिसत असेल तर निघू नये. तो नव्याने लागेपर्यंत थांबावे.